बेकरीवाल्याच्या धाकटीचं पोट

पप्पा, धाकटीचं पोट बरं आहे. तुम्ही दारातून आत येताना चपला काढायच्या आधी हेच विचारायचात, म्हणून मीही आधी हेच सांगून टाकते. तिचे कानाजवळचे केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय, थायरॉईडची गोळी ती रोज सकाळी माझ्यावर उपकार केल्यासारखी घेते. त्यानंतर थोड्या वेळानं बाजरीची भाकरी आणि दूध. भाकरी जरा करपली तरी ताट सरकवून देते आणि म्हणते, "ताई, तू खा." खोड तुमचीच आहे. तुम्हीही करपलेला टोस्ट कारागिराच्या पुढ्यात असाच सरकवायचात आणि म्हणायचात, "घे, तुझी कमाई." तिचं ते सरकवणं बघितलं की मला हसू येतं आणि मग तुमच्याशी बोलावंसं वाटतं. आज शाळेला सुट्टी आहे, धाकटी ओट्यावर शेंगा सोलत बसली आहे, त्यातल्या निम्म्या तिच्या तोंडात चालल्यात. म्हटलं, कागदावर का होईना, बोलूनच घ्यावं.

ती झाली तेव्हा मी शाळकरी होते, पण मला सगळं आठवतं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बाळ तुमच्या हातात दिलं आणि हळूच म्हणाल्या, डोळे जरा निराळे दिसतात, पुण्याला दाखवून या. तुम्ही दाखवून आलात. रक्त तपासलं, डाऊन सिंड्रोम निघाला, प्रत्येक पेशीत एक गुणसूत्र जास्तीचं. आई भिंतीला टेकून रडत होती, शेजारणी दारात उभ्या होत्या, आणि तुम्ही त्यांच्यादेखत म्हणालात, "त्यात रडायचं काय? आपल्याला द्यायचं ते देवानं मोजून दिलं, हिला एक जास्ती दिलं." श्रीरामपुरात तुमची स्वतःची भट्टी त्याच वर्षी पेटली होती. त्याआधी तुम्ही दुसऱ्याच्या बेकरीत कणीक मळायचात. म्हणून मग रीत पडली, की पहाटे भट्टीतून निघालेल्या पहिल्या पत्र्यावरचा पहिला पाव धाकटीचा. तिला दात नव्हते तेव्हा तुम्ही तो दुधात कुस्करून बोटानं चाटवायचात. दात आले, पाव हातात धरता यायला लागला, तरी तुमचं बोट काही तिच्या तोंडातून सुटलं नाही. तुम्ही घरी आलात की ती मांडीवर चढायची, तुमचा हात ओढायची आणि एकेक बोट चोखत बसायची. आई म्हणायची, "घोडी झाली तरी बोटं चोखते." तुम्ही म्हणायचात, "माझी बोटं, माझी पोर, तुझं काय जातंय?"

आणि तिचं पोट. काय काय नाही केलं आपण त्या पोटासाठी! आधी तिला चार-चार दिवस शी व्हायची नाही. एरंडेल झालं, भिजवलेल्या मनुका झाल्या, बेंबीभोवती हिंगाचा लेप झाला. मग सगळं उलटं सुरू झालं. दिवसातून कितीदा तरी, पातळ, फेसाळ, आणि वास असा की शेजारच्या काकू खिडकी लावून घ्यायच्या, तेही आवाज करून. पोट ढोलासारखं ताणलेलं, त्याखाली पाय नुसत्या काटक्या. वर्षभरापूर्वीचा झगा तिला दुसऱ्या वर्षी नीट यायचा, आणि आई शेजारणींना सांगायची की कापड चांगलं निघालं. धाकटीला "पोट दुखतंय" असं सांगता यायचं नाही. ती ओरडायची, आपल्याच पोटावर बुक्क्या मारायची, मला चावायची. माझ्या मनगटावर अजून खूण आहे. कधी बेकरीत नेलं तर मैद्याच्या पोत्यावर पालथी पडायची आणि पोट दाबून धरायची. तुम्ही कौतुकानं सगळ्यांना दाखवायचात, "बघा, मालकीनबाई माल तपासतात." तेव्हा मीही हसले होते.

डॉक्टर काही कमी पाहिले नाहीत आपण. प्रत्येक जण आधी तिच्या तोंडाकडं बघायचा आणि मग पोटाकडं बघायचं विसरायचा. "असल्या मुलांचं असंच असतं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की तो माणूस तोंड उघडायच्या आत मला कळायचं. चिडचिड करते? असल्या मुलांचं असंच असतं. वाढत नाही? असल्या मुलांचं असंच असतं. कपडे खराब करते? अहो, असल्या मुलांना कुठं कळतं. तुम्ही एकदा एकाला विचारलंत, "असल्या म्हंजी कसल्या?" तो गडबडला आणि जंताचं औषध लिहून दिलं. त्या प्रश्नासाठी मी तुम्हाला मनातल्या मनात शाबासकी दिली होती. मग औषधाबरोबर आहार सांगितला जायचा, तोही ठरलेला: पचायला हलकं द्या, टोस्ट द्या, पाव-दूध द्या, रव्याची पेज द्या. झालं! बेकरीवाल्याला आणखी काय पाहिजे? पोट बिघडलं की टोस्ट वाढायचे, टोस्ट वाढले की पोट बिघडायचं. आम्ही सगळे बाजरीची भाकरी आणि ठेचा खायचो, धाकटीच्या ताटात तेवढी तूप लावलेली मऊ चपाती. तिच्यावर जीव होता ना सगळ्यांचा. गहू हे आपल्याकडं लाडाचं अन्न, पाहुण्याचं, आजाऱ्याचं. भाकरी काय, कुणीही खातं.

मे महिन्यात मात्र आई तिला घेऊन मामाकडं जायची, घोडेगावाजवळच्या वस्तीवर. तिथं मामी कामाला जाणारी बाई, तिला दोन प्रकारचे तवे-पोळपाट मांडायला वेळ नव्हता. सगळ्यांना एकच भाकरी, धाकटीच्या ताटात दुधात चुरून. आणि धाकटी तिथं हसायची, पप्पा. झोपायची. बुक्क्या मारायची थांबायची. सगळे म्हणायचे, आजोळची हवा मानवते. तुम्हाला त्या हवेचा राग यायचा. एका वर्षी तुम्ही जनावरांच्या बाजाराला जाणाऱ्या टेम्पोवाल्याबरोबर टोस्टचा डबा मामाच्या घरी पाठवलात, वर निरोप, "पोरीची आबाळ करू नका." डबा संपायच्या आत हवा बिघडली. मामी बिचारी म्हणाली, "आमच्या विहिरीचं पानी बाधलं वाटतं."

मग तो नगरचा डॉक्टर. तो मी शोधला, हे मी आजही छाती पुढं काढून सांगते. कॉलेजातल्या माझ्या मैत्रिणीचे वडील नगरच्या लष्करी डेपोत होते, त्यांनी सांगितलं की फौजेतून निवृत्त झालेला एक मुलांचा डॉक्टर कॅम्पाच्या बाजूला बसतो, तोंडाचा फटकळ आहे पण बघतो नीट. फटकळ म्हटल्यावर मला तो आवडलाच. तुम्ही म्हणालात, "किती डाक्टर करनार? पोरीला जरा सुखानं राहू दे." मी आईला आणि धाकटीला घेऊन एसटीत बसले. राहुरीपर्यंत धाकटीनं दोन फडकी खराब केली आणि पुढच्या बाईनं सीट बदलली. त्या डॉक्टरनं धाकटीच्या तोंडाकडं पाहिलं, "नमस्ते मॅडम" म्हणाला, आणि लगेच झगा वर करून पोट बघितलं. मग पाठीमागून बघितलं, मांड्यांचं लोंबणारं कातडं दोन बोटांत धरलं. विचारलं, "ही खाते काय?" आईनं कौतुकानं सांगायला सुरुवात केली. सकाळी पाव-दूध, मग टोस्ट, दुपारी तुपाची चपाती, संध्याकाळी नानकटाई, मग रव्याची खीर. "आणि भाकरी?" "छे वो साहेब," आई म्हणाली, "तिला कशाला भाकर? भाकर आमी खातो." डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. वडील काय करतात विचारलं, तर आई घाबरून म्हणाली, "दुकान हाय." तिला वाटलं, बेकरी म्हटलं की तुमच्यावर काहीतरी शेकणार. बाईची जात, नवऱ्याला आधी वाचवते!

डॉक्टर म्हणाला, मी पंजाबात बरीच वर्षं होतो, तिथं असली पोटं खूप पाहिली. हिच्या आतड्याला गहू सोसत नसावा. आतड्याला आतून बारीक लव असते, अन्न तिच्यातून अंगी लागतं. काहींची ती लव गव्हानं झडते. डाऊनच्या मुलांमध्ये हे इतरांपेक्षा जास्त आढळतं, पण इकडं कुणी शोधत नाही, कारण सगळे म्हणतात... "असल्या मुलांचं असंच असतं," मी म्हणाले. त्याचं वाक्य मीच पुरं केलं. तो हसला आणि पुण्याची चिठ्ठी लिहून दिली, दुर्बीण घालून आतड्याचा कण तपासायला.

घरी येऊन तुम्हाला सांगितलं तेव्हाचं तुमचं तोंड माझ्या डोळ्यांसमोर आहे. तुम्ही जेवत होतात. घास तसाच हातात. "गहू?" म्हणालात. "गव्हानं कधी कुनी आजारी पडतं व्हय? उद्या म्हनाल कोळ्याच्या पोराला पानी सोसत न्हाई!" मी म्हणाले, "पप्पा, नसेल सोसत तर नसेल सोसत." "गप ए मास्तरीन! बारक्या पोराला पहिलं कायतरी देतात ते काय देतात? बिस्कीट! ते काय सगळे डाक्टर येडे?" मी म्हणाले, "हो." मग मात्र तुम्ही ताटावरून उठलात. आईनं हळूच सांगितलं मला, राग गव्हाचा नव्हता. तुम्हाला भीती होती, की गावात कळलं तर लोक म्हणतील, बेकरीवाल्याची पोर त्याच्याच पावानं अंथरुणाला खिळली, मैद्यात काय कालवतो कोण जाणे. आणि त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती, ती तुम्ही कुणालाच बोलला नाहीत. रोज पहाटे पहिला पाव तुम्ही स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात घातला होता.

पुण्याचा रिपोर्ट आला. डॉक्टरचं खरं निघालं. तुम्ही तो कागद उलटासुलटा करून बघितलात आणि दुकानात निघून गेलात. दुसऱ्या दिवसापासून धाकटीचा पाव बंद, टोस्ट बंद, चपाती बंद. आई भाकरी थापायला बसली तेव्हा तुम्ही कुरकुरलात, "माझी पोर कोरडी भाकर खानार," तर आई म्हणाली, "प्रार्थनेत देवाकडं रोज काय मागता? 'आमची रोजची भाकर'च ना? मग दिली त्यानं. खाऊ द्या." पण हार मानाल तर ते तुम्ही कसले! तुम्ही नाचणी दळून आणलीत, तांदळाची पिठी आणलीत, लोणी फेटलंत आणि धाकटीसाठी बिनगव्हाची नानकटाई केलीत. पहिली फुटली, दुसरी दगड झाली, तिसरी जमली. तिला ती इतकी आवडली की डबा उशाशी घेऊन झोपायची.

पोट थोडं उतरलं. बुक्क्या कमी झाल्या. आणि मग गाडी अडली. महिने गेले, धाकटी ना वाढते, ना पुरती बरी होते. मी आईवर संशय घेतला. आईनं शेजारच्या काकूंवर घेतला. मी धाकटीच्या गादीखाली, उशीच्या अभ्र्यात बिस्किटं शोधली आणि मला एक मेलेलं झुरळ सापडलं. नाताळ जवळ आला होता, तुमच्या बेकरीत बायका घरचे तूप-साखर-मैद्याचे डबे घेऊन नानकटाई भाजून न्यायला रांगा लावून उभ्या होत्या, तुम्हाला डोकं वर काढायला फुरसत नव्हती. तरी तुम्ही एका सकाळी पत्रा कारागिराच्या हातात दिलात आणि म्हणालात, "चला नगरला. त्या फौजीला मीच इचारतो. माझ्या पोरीची भाकर-भाकर करून उपासमार चाललीय, आन् हा म्हनतो गहू!"

भांडायला जातानाही रिकाम्या हातानं जायचं नाही, ही तुमची रीत. गरम खारीचा पुडा बांधून घेतलात. कपडे बदलायचं सुचलं नाही, तसेच भट्टीवरून एसटीत. डॉक्टरच्या खोलीत तुम्ही खुर्चीत बसलात, धाकटीला मांडीवर घेतलंत, पुडा टेबलावर ठेवलात आणि सुरू झालात. गहू बंद करून इतके महिने झाले. घरात कन न्हाई गव्हाचा. मी सोता नाचणीची नानकटाई करतो. मग का बरी होत न्हाई? डॉक्टर तुमच्याकडं बघतच राहिला. तुमच्या भुवया पांढऱ्या होत्या. कानांच्या पाळ्या पांढऱ्या होत्या. शर्टाच्या खिशात मैदा साचला होता. आणि धाकटी नेहमीसारखी तुमचा अंगठा तोंडात घालून, डोळे मिटून, शांत चोखत होती.

"नानकटाई कुठं करता?" त्यानं विचारलं.

"माझ्या बेकरीत. त्याच टेबलावर, लई सोच्छ असतं."

"बेकरी!" डॉक्टर म्हणाला. मग आईकडं बघितलं. आईनं पदर तोंडाला लावला. तो एवढा फटकळ माणूस, पण त्या दिवशी त्यानं आवाज चढवला नाही. तो म्हणाला, "काका, घरात गहू नाही, खरंय. पण घरी गहू येतो रोज. तुमच्या हातावरून."

मला वाटलं तुम्ही आता टेबल उलथवाल. तुम्ही खाली बघितलंत. अंगठा हळूच तिच्या तोंडातून काढलात. तिनं डोळे उघडले आणि तो परत ओढून तोंडात घातला. तुम्ही परत काढलात. मग तिला आईच्या मांडीवर ठेवून तुम्ही उठलात आणि बाहेर गेलात. दवाखान्याच्या अंगणात नळ होता. खिडकीतून मी बघते आहे: तुम्ही हात धुताय, कोपरापर्यंत धुताय, मग तोंड, मग अख्खं डोकं नळाखाली धरलंय, डिसेंबरच्या थंडीत. किती तरी वेळ. परत आलात तेव्हा शर्ट छातीपर्यंत भिजला होता आणि त्यावरचा मैदा चिकट झाला होता. तुम्ही डॉक्टरला विचारलंत, "एवढ्यानं बी होतं?" तो म्हणाला, "एवढ्यानंही होतं." धाकटी तुमच्याकडं यायला हात पसरून रडत होती. तुम्ही आला नाहीत.

परतीच्या एसटीत आमच्या शेजारची जागा रिकामी होती. तुम्ही बसला नाहीत. दारापाशी दांडी धरून उभे राहिलात, नगर ते श्रीरामपूर. धाकटी "पप्पा, पप्पा" करून आकांत करत होती, कंडक्टर म्हणाला, अहो घ्या की पोरीला. तुम्ही नुसती मान हलवलीत. त्या प्रवासात मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही रडत होतात, पप्पा. भिजलेलं डोकं होतं म्हणून कुणाला कळलं नाही, पण मला कळलं.

पुढचं सगळं तुम्ही केलंत, आणि झटक्यात केलंत. बेकरीच्या मागं पत्र्याची न्हाणी उभी केलीत. घरचे कपडे तिथंच ठेवलेत, पेटीत, कागदात गुंडाळून. काम संपलं की डोक्यावरून आंघोळ, नखं घासायची, भुवया घासायच्या, आणि मग घर. नानकटाईचा कारभार आईच्या स्वयंपाकघरात आला, वेगळा पत्र्याचा ओव्हन, वेगळी चाळणी, आणि त्या चाळणीला कुणी हात लावला तर आई लाटणं उगारायची. घरात सगळ्यांनाच भाकरी. गावभर पाव पुरवणारा माणूस घरी पाव खाईनासा झाला. आणि ज्या गावाची भीती होती त्या गावाला तुम्ही स्वतःच सांगत सुटलात. गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला सांगायचात, "माझ्या धाकटीला गहू चालत न्हाई. तुमच्या पोराचं पोट फुगत असंल तर दाखवा हं नगरला." पाव विकत विकत! एक गिऱ्हाईक तुटलं नाही.

धाकटीला आंघोळीचं समजावणं सगळ्यात अवघड गेलं. तिला तुमची वेळ कळायची. संध्याकाळी उंबऱ्यावर येऊन बसायची. उशीर झाला की ओरडायची, आणि आई चुलीपासून उत्तर द्यायची, "आंघोळ करत्यात पप्पा. आंघोळ झाली की येतील." तेवढं ऐकलं की गप्प. मग तुम्ही यायचात, ओले केस, साबणाचा वास, आणि तिला दोन्ही हातांनी उचलायचात. ती तुमची बोटं तोंडात घालायच्या आधी नाकाशी नेऊन हुंगायची. तुम्ही म्हणायचात, "पास का नापास?" ती म्हणायची, "पास!" त्या वर्षात ती वाढली, पप्पा. दोन झगे तोकडे झाले. आईनं ते फेकले नाहीत, दोरीवर नुसते वाळत घातले, शेजारणींना दिसावेत म्हणून. धाकटी बोलायला लागली. "पोट दुखतं" हे दोन शब्द ती शिकली तेव्हा आपण पेढे वाटल्यासारखी नाचणीची नानकटाई वाटली. सगळंच काही सुटलं नाही. अंगातला ढिलेपणा तिचा जन्माचा, त्यामुळं आतडंही सुस्त, बद्धकोष्ठ अजून सतावतं. पण ते आम्ही सांभाळतो. पाणी, पेरू, शेवग्याची भाजी, आणि मी संध्याकाळी तिला गावाला चक्कर मारायला लावते, ती शिव्या देते, मी चालवते.

मी खरोखरची मास्तरीण झाले. शाळेत कुणी आई असं लेकरू घेऊन आली, डाऊनचं असो की आणखी कशाचं, आणि म्हणाली की बाई, हा चावतो, डोकं आपटतो, तर मी आधी विचारते, शी कशी होते याची? बाया लाजतात. मी म्हणते, लाजू नका, सांगा. निम्म्या वेळा तिथंच काहीतरी सापडतं, बद्धकोष्ठ, छातीत येणारं आंबट पाणी, काहीतरी. आणि कुणी म्हणालं ना, असल्या मुलांचं असंच असतं, तर मी तुमचं वाक्य फेकते, तुमच्याच आवाजात: "असल्या म्हंजी कसल्या?"

आता राहिलं ते एक सांगते. तुम्ही गेलात ते भट्टीपाशी. सकाळची वेळ, पत्रा ओढता ओढता छातीत कळ आली आणि संपलं. कारागिरांनी तुम्हाला तसंच घरी आणलं, त्याच कपड्यांत. किती तरी वर्षांनी तुम्ही आंघोळ न करता घरात आलात. अंगणात माणसं जमली, आईनं हंबरडा फोडला, मी कुठं उभी होते मला आठवत नाही. धाकटी आतून पळत आली आणि तुमच्यापासून चार पावलांवर थांबली. दोन्ही हात पाठीमागं घेतले, जसं आपण तिला शिकवलं होतं. तुमच्या भुवयांकडं बघत म्हणाली, "पप्पा, आधी आंघोळ." मग पुरुषांनी तुम्हाला आंघोळ घातली, कोट घातला. ती सगळ्यांबरोबर कब्रस्तानात आली, मूठभर माती टाकली, घरी येऊन भाकरी खाल्ली. आणि संध्याकाळी तुमच्या वेळेला उंबऱ्यावर जाऊन बसली. मला विचारलं, "ताई, पप्पांची आंघोळ झाली का?"

मी म्हणाले, "अजून नाही."

वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराला मी बाकावर उभं करते. लोक मला तोंडाळ म्हणतात, आणि मी आहेच. धाकटीला काय कळत नाही असं नाही. नाताळच्या आदल्या दिवशी ती तुमच्या कबरीवरचं गवत उपटते, झेंडू ठेवते, तुमचं नाव बोटानं वाचते. तरी अधूनमधून एखाद्या संध्याकाळी विचारतेच, आणि मी तेच उत्तर देते. आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, धाकटीच्या समाधानासाठी थोरली बिचारी खोटं बोलते. मी कधी तिला दुरुस्त केलं नाही. हा कागद टपालात टाकायचा नाही, कुणी वाचायचा नाही, म्हणून तुम्हाला सांगते. गेल्या आठवड्यात धाकटी उंबऱ्यावर बसली, बराच वेळ बसली, पण विचारलंच नाही तिनं. शेवटी मीच जाऊन तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "अजून आंघोळ करताहेत गं."